बिनबोलावण्याची जत्रा

१९४७ साली एडिनबराच्या महोत्सवात ८ नाटकमंडळ्या बोलावणं नसताना येऊन धडकल्या. त्या आगंतुकांचा आता ऑगस्टभर चालणारा, तीन हजारांवर कार्यक्रमांचा ‘फ्रिंज’ महोत्सव झालाय. रॉयल माइलवर शंभर पावलं चाललो, तर हातात अकरा पत्रकं आणि प्रत्येकावर चार-पाच तारे. (तीन ताऱ्यांवाला कुणी भेटलाच नाही; लाजून घरी बसला असावा.) सकाळी एका तळघरात ‘हॅम्लेट’ पाहिलं : नट सात, प्रेक्षक सहा. बापाच्या भुतानं जाता जाता वाटेतली माझी ओली छत्री उचलून भिंतीला टेकवली. दुपारी एकपात्री दुःख, मग आणखी एक एकपात्री दुःख. तासाभरात सगळं आटपतं, कारण पुढची मंडळी स्वतःचा पलंग घेऊन दाराशी उभीच. तिसरी घंटा नाही, मध्यंतर नाही, बटाटेवडा नाही. म्हणजे नुसतं नाटकच बघायचं की काय?