गाडी मिसिंग करतेय? आधी बोनेट उघडू नका

सिग्नलला गाडी उभी आहे, ॲक्सिलरेटरवर पाय नाही, आणि डॅशबोर्डवरचा गणपती हिव भरल्यासारखा थरथरतोय. अभिनंदन! तुमच्या गाडीचं आयडलिंग बिघडलं आहे. त्याचं मूळ घरच्या घरी कसं शोधायचं ते नवशिक्यांसाठी क्रमवार सांगतो. क्रम चुकला तरी चालेल, माझा नेहमीच चुकतो.

पहिली सूचना : रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोनेट उघडू नये. उघडलंत की पाच मिनिटांत तज्ज्ञ समिती जमते. एक म्हणतो, "पेट्रोलमध्ये कचरा." दुसरा म्हणतो, "प्लग गेले." तिसरे गृहस्थ इथेनॉलच्या नावाने बोटं मोडतात. आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका खंडाळ्याच्या घाटात फियाटच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचे, ती गोष्ट सांगतात. गोष्टीत तथ्य आहे. चढावर इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची, वाफ काही पंपाला पुढे ढकलता यायची नाही, आणि फडक्याने तो थंड झाला की गाडी चालू लागायची. पण तुमची गाडी सकाळी आठला, गार इंजिनावर थरथरतेय. फडकं काकूंना परत करा.

आता स्क्रू. गाडी जुनी, कार्बोरेटरवाली असेल तर त्यावर आयडलचा स्क्रू असतो. तो पिळायचा मोह होईल. पिळा, मीही पिळला. थरथर कमी होते, समिती माना डोलावते. फक्त ८००-९०० फेऱ्यांवर गुरगुरायचं इंजिन १५०० वर बोंबलू लागतं आणि क्लच सोडला की गाडी तुम्हाला न विचारता निघते.

खरी तपासणी यानंतर. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर क्षणभर काढायची. जी काढल्यावर आवाजात काही फरक पडत नाही, तो सिलिंडर कामचुकार. वायर इन्सुलेटेड चिमट्यानेच काढावी. मी हाताने काढली. त्यानंतर काही वेळ मी समितीशी बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. (नव्या गाडीत हा खेळ नकोच. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याची वाट लावतं. तिथे स्कॅनर जोडा. 'पी०१७१' असा कोड आला तर मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी. का कमी, ते मात्र तुम्हीच शोधायचं.)

माझ्या गाडीत कुठलीही वायर काढली तरी आवाज पडत होता. म्हणजे कोणी एक कामचुकार नव्हता, सगळेच अर्धपोटी होते. प्लग काढून पाहिले. चांगल्या प्लगचं टोक चहात बुडवलेल्या मारी बिस्किटाच्या रंगाचं असतं. काजळी असेल तर पेट्रोल जास्त, ओलं असेल तर ठिणगीच नाही. माझे चारही पांढरेफटक. मिस्त्री लोक ज्याला 'हवा घेतेय' म्हणतात, ते हे असू शकतं.

पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये ओढ जबरदस्त आणि हवा मोजकीच. अशा वेळी बारीकशा फटीतून शिरलेली हवाही सगळं प्रमाण बिघडवते. रेस दिली की हवेचा लोंढा येतो, त्यात ती चोरटी हवा कुठल्या कुठे जाते. म्हणूनच गाडी हायवेवर साळसूद आणि सिग्नलला हिवताप.

मग समितीला दोन मिनिटं गप्प बसवलं (सगळ्या तपासणीतला सर्वांत अवघड भाग) आणि कान दिला. कुकरची शिट्टी होण्याआधी येतो तसा बारीक 'सूंऽऽ' आवाज. मॅनिफोल्डवर बसणारी करंगळीएवढी रबरी नळी टोकाशी कडक होऊन चिरली होती. चिरेवर बोट दाबलं आणि गणपती स्थिर झाला.

ब्लेडने अर्धा इंच टोक कापलं, नळी पुन्हा घट्ट बसवली. खर्च शून्य.

इथेनॉलवाल्यांनी तो तुकडा उचलून सगळ्यांना दाखवला. "बघा, पेट्रोलने रबर खाल्लं!" त्या नळीतून पेट्रोल जातच नाही, हे मी सांगणार होतो. पण मला आधी तो पिळलेला स्क्रू खाली आणायचा होता.