मानद कनिष्ठ अभियंता

घरातलं नेट गेलं की मराठी कुटुंबात कामाची वाटणी आपोआप होते. ज्याच्या नावावर कनेक्शन आहे तो फोन लावतो, ज्याचे गुडघे शाबूत आहेत तो टीव्हीच्या मागे शिरतो आणि ज्याची परीक्षा, मीटिंग किंवा मालिका अडकली आहे तो बाकीच्यांवर देखरेख करतो. पलीकडून एक अतिशय नम्र आवाज हुकूम सोडू लागतो: डबीवर किती दिवे लागलेत ते मोजा, लाल कुठला, हिरवा कुठला, लुकलुकतोय कुठला ते सांगा, पिवळी वायर नीट बसली आहे का बघा, ती वाकवू मात्र नका, मागचं बटण बंद करा, तीस सेकंद थांबा, चालू करा. पाहणी, मोजणी, चाचणी आणि दुरुस्तीचा पहिला प्रयत्न, अशी तंत्रज्ञाची सगळी कामं ग्राहक करतो आणि महिनाअखेरीस पगाराऐवजी त्यालाच बिल येतं. तेव्हा आमची मागणी साधी आहे. या वर्गाला रीतसर पद द्यावं. ‘मानद कनिष्ठ अभियंता (निवासी)’ हे नाव चालेल. सोबत ओळखपत्र, एक बॅटरी आणि गुडघ्याचा पट्टा. ज्यांनी फोन न लावता स्वतःच राउटर बंद-चालू करून पाहिला, त्यांना थेट सहायक अभियंतापदी बढती द्यायला हरकत नसावी.

रिस्टार्ट ही फसवणूक आहे असं आम्ही म्हणत नाही. तो उपाय खरा आहे. घरचा राउटर म्हणजे बेताच्या स्मरणशक्तीचा एक छोटा संगणकच असतो. घरातला प्रत्येक मोबाईल, टीव्ही आणि हल्ली दिवाबत्तीसुद्धा बाहेर कुणाशी बोलते आहे याची नोंद त्याला ठेवावी लागते. ही नोंदवही भरली, कंपनीकडून मिळालेला पत्ता शिळा झाला किंवा लॉगिन अर्धवट अडकलं, की त्याला सगळं विसरायला लावणं हा सर्वांत स्वस्त इलाज ठरतो. मोठी यंत्रंही याला अपवाद नाहीत. बोइंग 787 विमानाची वीज सलग 248 दिवस चालू राहिली तर आतल्या मोजणीचा आकडा भरून जाईल आणि जनरेटरांचं नियंत्रणच बंद पडू शकेल, असं 2015 साली लक्षात आलं. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने तेव्हा काढलेल्या आदेशाचा मथितार्थ एवढाच होता, की त्या मुदतीच्या आत वीज एकदा बंद करून चालू करत जा. त्याआधी 14 सप्टेंबर 2004 रोजी लॉस एंजलिसच्या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्राचा शेकडो विमानांशी असलेला रेडिओ संपर्क तुटला होता. दर 30 दिवसांनी करायचा रिस्टार्ट राहून गेला आणि साधारण 50 दिवसांत संपणारा एक आकडा खरोखरच संपला. या दोन्ही प्रकरणांत आमच्या मुद्द्याचा भाग वेगळा आहे. यंत्र बंद-चालू करण्याचं काम तिथे पगारी माणसाकडे होतं. विमान हवेत असताना खिडकीजवळच्या प्रवाशाला कुणी सांगितलं नाही, की काका, जरा सीटखाली वाकून लाल दिवा लागलाय का बघता?

आता जी गोष्ट आपल्याला सहसा कुणी सांगत नाही, तिच्याकडे येऊ. घरात फायबर आलं असेल, तर भिंतीवरची ती पांढरी डबी, म्हणजे ओएनटी, दिवसरात्र कंपनीच्या केंद्रातल्या यंत्राशी बोलत असते. डबीपर्यंत किती प्रकाश पोचतोय हे तिथल्या पडद्यावर आकड्यांत वाचता येतं. तो साधारण उणे 27 डीबीएमच्या खाली गेला की डबी आंधळी होऊ लागते, हे तिथल्या माणसाला आपल्या लाल दिव्यापेक्षा आधी कळू शकतं. त्याहून गंमतीची गोष्ट म्हणजे घरची वीज जाते तेव्हा ही डबी बंद पडण्याआधीच्या क्षणात, शिल्लक विजेवर, एक शेवटचा संदेश पाठवते. तंत्रज्ञ त्याला ‘डाइंग गॅस्प’ म्हणतात. हा संदेश आला तर वीज गेली. संदेश न येता डबी गप्प झाली तर वायर तुटली असण्याची शक्यता जास्त. इतका फरक ही मुकी डबी मरता मरता सांगून जाते आणि दहा मिनिटांनी फोनवरचा आवाज आपल्याला विचारतो, “सर, घरी लाईट आहे का?” राउटर दुरून तपासण्याची आणि दुरूनच रिस्टार्ट करण्याची सोयही आजची नाही. टीआर-069 नावाचा त्यासाठीचा प्रमाण-संकेत 2004 सालीच आला. तंत्र वीस वर्षांपूर्वीच दारात येऊन उभं आहे, आणि तरी सत्तर वर्षांच्या आजींना पालथं होऊन टेबलाखालचा दिवा वाचावा लागतो.

मग हा खटाटोप कशासाठी? आमच्या मते याची कारणं तांत्रिक नसून हिशेबी आहेत. फोन उचलणारा मुलगा बहुधा वेगळ्याच ठिकाणी, वेगळ्याच कंत्राटदाराकडे नोकरीला असतो. त्याच्यापुढे प्रश्नांची यादी असते. प्रकाशाचे आकडे दाखवणारा पडदा असेलच असं नाही. तो पडदा त्याला द्यायचा, वाचायला शिकवायचं, तर खर्च येतो. ग्राहकाची वीस मिनिटं मात्र कुठल्याच खातेवहीत धरावी लागत नाहीत. दुसरं कारण जास्त मोलाचं आहे. दुरुस्तीचं घड्याळ तक्रार नोंदली गेल्यावर सुरू होतं आणि दिवे मोजण्याचा सगळा विधी त्या नोंदीच्या आधी होतो. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या 2006 सालच्या ब्रॉडबँड नियमांनी बहुतेक सगळे बिघाड तीन कामाच्या दिवसांत दुरुस्त व्हावेत असा दंडक घातला होता आणि त्याहून उशीर झाल्यास बिलात सूट देण्याची पायरीही ठरवून दिली होती. घड्याळाला असा दंड बांधलेला असेल, तर ते उशिरा सुरू व्हावं असं कुणाला वाटेल, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. ‘रिस्टार्ट करून अर्ध्या तासाने परत फोन करा’ या वाक्यात अर्धा तास राउटरचा नसतो, घड्याळाचा असतो. अर्ध्या तासाने फोन केला की दुसरा आवाज येतो, त्याच्यापुढे तीच यादी असते आणि आपण पुन्हा पहिल्या दिव्यापासून मोजू लागतो.

बरं, बिघाड दरवेळी घरातच असतो का? केंद्र सरकारने 22 मार्च 2023 रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप काढलं. खणण्याआधी जमिनीखाली कुणाची वायर आहे ते विचारा, इतकीच त्याची अपेक्षा. ते काढताना सरकारनेच सांगितलं होतं, की देशात दरवर्षी सुमारे 10 लाख ठिकाणी अशा वायरी तुटतात आणि त्यापायी वर्षाला सुमारे 3,000 कोटी रुपयांचं नुकसान होतं. रस्ता डांबरी असताना पाण्यासाठी, काँक्रीटचा झाल्यावर गॅससाठी आणि उद्घाटन झाल्यावर राहून गेलेल्या कामासाठी खणण्याची आपल्या महापालिकांची परंपरा पाहता, या 10 लाखांत महाराष्ट्राने आपला वाटा उचलला नसेल असं मानणं हा शहर अभियंत्यांचा अपमान होईल. जी वायर जमिनीखाली जात नाही ती विजेच्या खांबावरून, गुलमोहरावरून आणि कुणाच्या तरी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला वळसा घालून येते. 2015 साली वाराणसीत माकडांनी फायबर कुरतडल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या होत्या. जेसीबीने किंवा माकडाने तोडलेली वायर दिवाणखान्यातला राउटर कितीही वेळा बंद-चालू केल्याने सांधली जात नाही. एकाच गल्लीतल्या चाळीस डब्या एकाच मिनिटाला मुक्या झाल्या तर बिघाड चाळीस घरांत नसून गल्लीच्या तोंडाशी आहे, हे केंद्रातल्या यंत्राला कळतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला तर त्याच्याही आधी कळतं. तरीही चाळीस मानद अभियंते चाळीस टीव्हींच्या मागे शिरतात.

यावर कंपन्यांची बाजू घेणारे म्हणतील, की बहुतेक तक्रारींचं मूळ घरातच निघतं आणि ग्राहक खरं बोलत नाहीत. दोन्ही गोष्टींत तथ्य आहे. वायफायचा जुना पट्टा 2.4 गिगाहर्ट्झचा आहे आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही त्याच्या अगदी जवळच्याच लहरींवर चालतो. त्यामुळे पोळी गरम होताना सिनेमा अडखळला तर दोष फायबरचा नाही. 5 गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान खरा, पण काँक्रीटच्या दोन भिंती मध्ये आल्या की दमतो. तरी आपण राउटर कुठे ठेवतो? लोखंडी कपाटावर, चपलांच्या कप्प्यात किंवा फिशटँकमागे; वर धूळ बसू नये म्हणून क्रोशाचा रुमाल. खोटं बोलण्याविषयी म्हणाल, तर “वायर लावली आहे ना?” या प्रश्नाला वायर न बघताच “हो” म्हणण्याचा आपला राष्ट्रीय बाणा आहे. मुरलेले तंत्रज्ञ म्हणून तसं विचारतच नाहीत. “पिन काढा, फुंकर मारा, परत घाला,” असं सांगतात. फुंकरीने काही होत नाही, पण त्या निमित्ताने माणूस खाली वाकतो आणि पिन मुळात लावलेलीच नव्हती हे त्याला गुपचूप कळतं. ग्राहकाची अब्रू राखून सत्य काढण्याची ही कला न्यायालयांनीही शिकावी अशी आहे.

पण या युक्तिवादातून कंपनी सुटत नाही, उलट अडकते. घरातले दोष इतके नेहमीचे असतील, तर ते दूर करण्याची वेळ कनेक्शन जोडण्याच्या दिवशीच असते. त्या दिवशी राउटर बसतो तो वायर जिथे संपते तिथे, आणि वायर संपते तिथे, जिथे ड्रिलला सगळ्यांत सोपी भिंत सापडते. जोडणाऱ्याला दिवसभरात आणखी बरीच घरं गाठायची असतात. चार खोल्यांत फिरून रेंज तपासायला त्याला कुणी वेळ दिलेला नसतो. आणि ग्राहकाला हमखास अडवणाऱ्या प्रश्नांची उत्तरं कंपनीकडे तयार असतात. 100 एमबीपीएसच्या कनेक्शनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइटनेच उतरणार, कारण एका बाइटमध्ये आठ बिट असतात, हे एका वाक्याचं ज्ञान आहे. ते पहिल्या दिवशी दिलं तर वर्षभराचे किती फोन वाचतील! पण जाहिरातीत आठाने भागलेला आकडा शोभून दिसत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. लोक म्हणतात, इतक्या स्वस्तात नेट मिळतंय, वर सेवा कसली मागता? 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा मोडेमचा कर्कश आवाज ऐकत बसणं हीच चैन होती. 2004 च्या धोरणात 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायची मुभा होती. ती मर्यादा 2 एमबीपीएसवर जायला 2023 उजाडलं. प्रगती मान्य आहे, स्वस्ताईही मान्य आहे. स्वस्त खानावळीत ताट आपणच उचलून ठेवतो, त्याबद्दल कुणी कुरकुरत नाही. पण तिथे तशी पाटी लावलेली असते. तशीच पाटी इथेही लावावी, एवढंच आमचं म्हणणं. ग्राहकाने केलेली तपासणी बिलात वजावट म्हणून दाखवा, तिच्यावर 18 टक्के जीएसटीही खुशाल आकारा. आज होतं ते उलटं: दर पूर्ण सेवेचा आणि सेवा अर्धी स्वतःची स्वतः.

फोनवरच्या मुलाला दोष देऊ नका, असंही कुणी म्हणेल. मुळीच देत नाही. तो आणि आपण एकाच यादीचे बंदे आहोत. शिडीवर चढणाऱ्या माणसाला तर सगळ्यांत जास्त कळतं आणि सगळ्यांत कमी विचारलं जातं. त्याच्या कामाचं मोजमाप तक्रार मिटली की नाही यावर होतं, नेट चाललं की नाही यावर नाही. म्हणून वायर जोडण्याआधीच, तक्रार मिटल्याची नोंद करायला, तो “आधी ओटीपी सांगा” म्हणतो. लाल दिवा तसाच असताना ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा संदेश येतो, याचं कोडं तिथे सुटतं.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र विनोदाची नाही. अनोळखी नम्र आवाज सांगेल ते बटण दाबायचं, सांगेल ते ॲप उतरवायचं आणि विचारेल तो आकडा वाचून दाखवायचा, ही सवय आपण घरोघर, विशेषतः वडीलधाऱ्यांना, लावून ठेवली आहे. ठगाला याहून वेगळं काय हवं असतं? मोबाईल दुरून हाताळू देणाऱ्या ॲपमधून खाती रिकामी होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेला फेब्रुवारी 2019 मध्येच द्यावा लागला होता. खरी कंपनी आणि खोटी कंपनी यांची बोलण्याची पद्धत सारखीच असेल, तर फसलेल्या माणसाला भोळा म्हणण्याचा अधिकार खऱ्या कंपनीला उरत नाही. असा फोन गळ्याशी आलाच तर 1930 हा सायबर फसवणुकीचा क्रमांक लगेच लावावा.

पद मिळेपर्यंत मानद अभियंत्यांनी एवढं करावं. रिस्टार्ट एकदाच करावा, तोही फोन लावण्याआधी. मग दिवे मोजायला सांगितलं, की आपण विचारावं: माझ्या डबीला या क्षणी किती डीबीएम प्रकाश मिळतोय आणि तिचा शेवटचा संदेश काय होता? उत्तर येवो न येवो, तक्रारीचा डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नये आणि दिवा हिरवा झाल्याशिवाय ओटीपी देऊ नये. तक्रार मुदतीत सुटली नाही, तर ट्रायच्या 2012 च्या नियमांनुसार पुढच्या 30 दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते, त्यांनी 39 दिवसांत निर्णय द्यायचा असतो आणि या अपिलाला फी लागत नाही.