लेडीज टेलर म्हणजे पुरुष

कर्जतच्या बाजारपेठेत 'लेडीज टेलर' अशी पाटी असली की आत मशीनवर हमखास मिशीवाले गृहस्थ बसलेले असतात. लोकलच्या लेडीज डब्यात पुरुष चढला तर केवढा आरडाओरडा होतो. लेडीज टेलरमध्ये मात्र पुरुषच असायचा, हे आपण जन्मापासून गृहीत धरलेलं आहे. माझे ब्लाऊज शिवणाऱ्या बाई त्याच गल्लीत, जरा आत, घराच्या पडवीत मशीन टाकून बसतात. त्यांच्या दारावर पाटी नाही. लावायची म्हटली तरी लिहायचं काय?

शिंपीण म्हणावं, तर शिंपीण म्हणजे शिंप्याची बायको. पाटलीण काही गावचा कारभार बघत नाही, सुतारीण रंधा मारत नाही, तसं शिंपिणीला सुईत दोरा ओवता आलाच पाहिजे असं भाषेचं म्हणणं नाही. मास्तरीण तेवढी शाळेत नोकरीला लागली आणि नवऱ्यावाचून मास्तरीण झाली. बाकीच्या सगळ्या अजून 'ह्यांच्या' हुद्द्यावर आहेत. आमच्या बाईंचे 'हे' खालापूरकडच्या एका कारखान्यात फिटर. त्या हिशेबाने बाई फिटरीण. त्यांचा ब्लाऊज ज्या बेताने अंगाला बसतो ते बघता, हे नाव मला फारसं चुकीचं वाटत नाही.

इंग्रजांची तऱ्हा याहून मजेची. जुन्या इंग्रजीत 'स्टर' हा बायकांच्या कामाला लागणारा प्रत्यय होता, म्हणून शिवणारी ती 'सीमस्टर'. पुढे पुरुषांनी तेही नाव लावून घेतलं. मग बाईला निराळं दाखवायला शेपटाला आणखी एक स्त्रीलिंगी प्रत्यय जोडून 'सीमस्ट्रेस' केली. म्हणजे आपल्याकडे कुणी 'शिंपीणीण' म्हणावं तसलाच प्रकार.

माणसांचं सोडा, पाखरांतही तेच. पानांच्या कडांना भोकं पाडून, कापसाच्या नाहीतर कोळिष्टकाच्या धाग्याने पानं शिवून घरटं करणारा तो इवलासा पक्षी कर्जतला परसातल्या झाडावरसुद्धा दिसतो. शिवणकाम करते मादी. पक्ष्याचं मराठी नाव शिंपी!

बाईंसमोर ही विद्वत्ता पाजळायची सोय नाही, कारण त्यांच्या तोंडात टाचण्या असतात. मापाचा ब्लाऊज उलटा करून कापडावर ठेवायचा, खडूने मुंढा आखायचा, गळ्याशी थबकायचं आणि माझ्याकडे न बघता, टाचण्यांतूनच म्हणायचं, "माया जास्त ठेवते हां." शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जादा कापडाला मराठीत माया म्हणतात. दिवाळीचा फराळ अंगी लागला की एक टीप उसवायची, बस. जिने कापडाच्या त्या दडलेल्या अर्ध्या इंचालाही इतकं गोड नाव दिलं, त्या भाषेला शिवणारीसाठी एक शब्द जड व्हावा? बाईंचं स्वतःचं असं एकच वाक्य आहे, ते लग्नसराईत दिवसातून कितीदा तरी ऐकू येतं : "झालाय हो, फक्त हुक लावायचे राहिलेत." याचा अर्थ कापड अजून पिशवीतून बाहेर आलेलं नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना आली. अठरा प्रकारचे कारागीर आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत. आमच्याकडे तिचं नाव पडलं 'मशीनची योजना'. यादीत लोहार, कुंभार, न्हावी, होडी बांधणारा, आणि त्यातच दर्जी. सेवा केंद्रातल्या पोराने बाईंना सांगितलं, "काकू, तुम्ही दर्जी."

"दर्जी म्हणजे रे?"

"शिंपी."

"अरे, आम्ही शिंपी नाही, कुणबी."

"जात नाही विचारत, काम विचारतोय."

"मग ब्लाऊज लिही की."

दर्जी शब्द फारसीतला. 'दर्ज' म्हणजे शिवण, ती घालणारा तो दर्जी. म्हणजे अर्थाने अगदी नेमका, पण बाईंच्या चेहऱ्यावर भलत्याच माणसाचं आधार कार्ड हातात दिल्यासारखा भाव होता.

गावाने आपल्यापुरती सोय केव्हाच लावली आहे. कुणी मशीनवाल्या काकू म्हणतं, कुणी पिकोवाल्या ताई, कशेळ्याहून येणाऱ्या मुली नुसतंच 'बाई' म्हणतात. माझ्या मोबाईलमध्ये त्या 'ब्लाऊज कर्जत' आहेत. हे बरं नाही असं वाटून परवा मी त्यांचं नाव नीट घालायला बसले आणि खात्री करायला समोरूनच त्यांना फोन लावला. मशीनवर ठेवलेला त्यांचा फोन वाजला. पडद्यावर माझ्या नावाच्या जागी लिहिलेलं होतं, 'छत्तीस, मागे हुक, पैसे बाकी'.