आबांचा बारा नंबर

"तुझो शर्ट कितव्या नंबराचो रे?" आबांनी कुंपणापलीकडून विचारलं.

"चाळीस," मी म्हणालो.

"तां मापाचां. मी रंगाचां इचारतंय." मग डोळे बारीक करून त्यांनीच निकाल दिला, "नऊ."

असे आबा तुमच्याही शेजारी असणारच. निवृत्तीनंतर पहिली दोन वर्षं ते ग्रामपंचायतीला अर्ज लिहितात, पुढची दोन वर्षं वाडीला कारल्याचा रस पाजतात आणि मग एक दिवस त्यांना छंद लागतो. छंद त्यांना लागतो, ताप वाडीला येतो.

आमच्या आबांचा ताप पुण्याच्या लेकीने कुरिअरने पाठवला. बाबा घरात बसून आईच्या फोडणीत चुका काढतात, यावर उतारा म्हणून. गुंडाळी उलगडली तर 40 बाय 50 सेंटिमीटरचा कॅनव्हास निघाला. त्यावर सातबाऱ्याच्या नकाशासारख्या रेषा आणि एकेका तुकड्यात मुंगीएवढा आकडा. सोबत एकमेकींना चिकटलेल्या 24 चिमुकल्या डब्या, तीन ब्रश आणि रंगांच्या नंबरांचा तक्ता. आकडा बघायचा, त्याच आकड्याची डबी उघडायची आणि रंग भरायचा. चित्र व्हेनिसचं होतं. काकूंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यां तर देवबागच. नुसते माड तोडले हत."

नवशिक्याने वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करावी, म्हणजे ओल्या रंगावर हात फिरत नाही, असं लेकीने फोनवर तीनदा सांगितलं. आबांनी सुरुवात केली ती बारा नंबरापासून. "पयलो बारा!" बारा नंबर म्हणजे कौलांचा तांबडा. तो उजवीकडच्या एका छपरावर, डावीकडच्या कुंडीत आणि मधल्या नावाड्याच्या कमरपट्ट्यात विखुरलेला. आठवड्याभरात व्हेनिसला गोवर आल्यासारखा दिसू लागला. पुरावा म्हणून आबांच्या बनियनवरही तेवढाच बारा उमटला होता.

त्यात आला जून. किनाऱ्यावर होड्या ओढल्या, 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, आणि हवेत एवढं पाणी की पापडसुद्धा मान टाकतो. पुण्यात दहा मिनिटांत वाळणारा अॅक्रिलिक इथे पेज पिऊन आलं तरी ओलाच. गुंडाळीच्या सुरकुत्या जाईनात, म्हणून आबांनी कॅनव्हासला उलट्या बाजूने इस्त्री केली. फिक्या पिवळ्याखालून आकडा डोळे वटारायचा, म्हणून दोन दोन हात दिले. बारीक तुकड्यांत ब्रश शिरेना, तेव्हा काकूंच्या वाडवणीतला एक हीर मोडून घेतला. मग दुसरा, मग तिसरा. गणपतीपर्यंत वाडवण टिकणार नाही, असं काकूंनी जाहीर केलं.

हे इथवर थांबलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. पण आबांनी रंगांना नावाने हाक मारणंच सोडलं. सोलकढी चार नंबर. बांगड्याची पाठ वीस. सावंतवाडीच्या मोती तलावावरून आले तर "आज पाणी अकरा." गाऱ्हाण्यात बारा-पाचाच्या देवांना हाक गेली की आबा माझ्या कानाशी, "त्यातलो बारा आपलो!" आणि वर सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून "होय म्हाराजा!"

मी एकदा चिडून तक्ता तपासला. नऊ नंबर निघाला शेवाळी. माझा शर्ट होता विटकरी. अकराही चूक, वीसही चूक. म्हणजे गृहस्थ ठोकून देत होते. सरकारी कचेरीत आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस चुकीचा आकडाही सही-शिक्क्याच्या थाटात सांगतो, असं म्हणून मी विषय संपवला.

पण मला तो छंदच खटकत होता. म्हटलं, "आबा, सावंतवाडीत माणसं हाताने गंजिफा रंगवतात. दशावतारी संचाचे 120 गोल पत्ते, दर अवताराचे 12. पिंगुळीच्या चित्रकथीसाठी परशुराम गंगावणेंना 2021 साली पद्मश्री मिळाली. आणि तुम्ही दुसऱ्याने आखलेल्या खणात रंग भरता?"

एवढ्या भाषणातलं आबांनी उचललं एकच. "दर अवताराक बारा? बघ!"

मग मात्र त्यांनी मला गणपतीच्या शाळेत उभं केलं. "थंयसर काय चलता? एक झील दिवसभर पितांबर रंगवता, दुसरो सोंड. डोळे तेवढे मालक रेखता. तो कलाकार, आणि मी कोण?" याला उत्तर नव्हतं. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या काकूंना तरी आपण कधी नक्कलखोर म्हणतो?

आणि मी एक चूक केली. या प्रकाराचा जनक डॅन रॉबिन्स, हे त्यांना सांगून बसलो. 1950च्या सुमारास तो अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका रंग कंपनीत होता. लिओनार्दो द विंची शिष्यांना चित्राचे नंबर घातलेले भाग रंगवायला देई, असं त्याच्या ऐकण्यात आलं होतं. त्यावरून त्याने हे संच काढले. प्रत्येक माणूस रेम्ब्रांट, अशी जाहिरात झाली. समीक्षकांनी नाकं मुरडली आणि लोकांनी लाखांनी संच घेतले. त्या दिवसापासून लिओनार्दो हा आबांचा सख्खा चुलत भाऊ. "आमचो लिओनार्दो पण नंबर घालीच!"

जुलैच्या एका संध्याकाळी पावसाने ताल धरला होता. आबा छत्रीतून आले ते डब्यांची पिशवी पोटाशी धरून. दमटपणाने झाकणांवरच्या चिठ्ठ्या सुटल्या होत्या. काही हरवल्या, काही एकमेकींना चिकटल्या. ओटीवर 24 डब्या मांडून ते म्हणाले, "ह्यातलो बारा खयचो?"

मला वाटलं, गंमत. "हा काय समोर, तांबडा."

"आणि ह्यो?"

"तो हिरवा. नऊ."

आबांनी दोन्ही डब्या उचलल्या, बल्बाखाली धरल्या, खाली-वर केल्या. "माका दोनय सारकेच दिसतत रे," ते म्हणाले.

आणि माझ्या डोक्यात एकदम मे महिना उभा राहिला. रतांब्यांनी लवलेल्या झाडाखाली उभे राहून "यंदा धरूकच नाय" म्हणणारे आबा. बाजारात सुरमईचे कल्ले उचलून पाच मिनिटं न्याहाळणारे आणि शिळी सुरमई घेऊन घरी येणारे आबा. काकू चाळीस वर्षं म्हणत आल्या, "ह्यांका मासो कळणा नाय." मासा कळत होता. कल्ल्याचा लाल कळत नव्हता.

विसाव्या वर्षी आबा मुंबईला गेले होते, जहाजावर लागायला. शरीर ठणठणीत, पोहण्यात मासा. शेवटी डॉक्टरने एक पुस्तक पुढे ठेवलं, रंगीत ठिपक्यांची वर्तुळं असलेलं. टोकियोच्या इशिहारा नावाच्या डॉक्टरने 1917 साली काढलेली ती चाचणी. ठिपक्यांत आकडा लपलेला असतो, रंग ओळखणाऱ्याला तो दिसतो. पहिल्या पानावरचा आकडा मात्र सगळ्यांना दिसेल असाच केलेला, चाचणी समजावी म्हणून.

"पयलो बारा," आबा म्हणाले. "मी मोठ्यान सांगलंय, बारा! डॉक्टर बरो म्हणालो. मगे त्येना पान परतल्यान."

पुढे नुसते ठिपके. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्याला हिरवा; तो फरक न कळणाऱ्याला बोटीवर कोण घेणार? बोटीवर जायला निघालेला मुलगा एस.टी.ने परत आला आणि कचेरीत चिकटला. घरात सांगितलं, जागा भरल्या होत्या. लग्न ठरताना सांगितलं नाही, नंतर सांगायचं राहिलं.

"हय बघ कसो छापलो हा," कॅनव्हासवर बोट ठेवून ते म्हणाले. "काळ्या शायेन, सरळ. लपवलेलो नाय."

मी मार्कर आणला आणि 24 झाकणांवर आकडे घातले. बाराचा जरा मोठा. "आणि तुझ्या काकीक सांगा नको," असं बजावून आबा गेले. मी सांगितलेलं नाही. काकू मासिकं वाचत नाहीत, त्या भरवशावर हे लिहितोय.

ऑगस्टमध्ये होड्या सुटल्या. हल्ली मी आबांबरोबर मासळीबाजारात जातो. ते कल्ले उचलतात, मी बाजूला उभा राहून खोकतो. एक खोकला ताजा, दोन शिळा. "आता ह्यांका मासो कळूक लागलो," काकू शेजारणींना सांगतात. मला मात्र त्या काढा देतात.

व्हेनिस पडवीत लागलंय. त्यातला एक माड आबांनी स्वतःच्या मनाने घातला आहे, तांबडा. कोणी त्यावर काही बोललं की काकू म्हणतात, "त्येंच्या देवबागात असतत तसले."

संध्याकाळी आम्ही दांडीवर मोरयाच्या धोंड्याजवळ बसतो. समोर सिंधुदुर्ग. तक्ता माझ्या खिशात असतो.

"आता खयचो?" आबा विचारतात.

"वर सतरा. खाली एकवीस."

"पाण्यात?"

"पाण्यात तेरा, मधे मधे पाच."

"आणि बारा?"

"तटाच्या वर आहे," मी म्हणतो. "बोटभर उरलाय."