तीस-तीस अंशांची शांती

आमच्या सोसायटीत सध्या जो तो स्वतःच्या शोधात आहे, आणि त्यापायी पोरांच्या कंपासपेट्या गायब होताहेत. मंडल काढायचं तर आधी एका केंद्राभोवती पाच-सहा वर्तुळं, मग कोनमापकाने तीस-तीस अंशांवर बारा रेघा, मग पाकळ्या. शिकवणाऱ्या बाई हलक्या आवाजात सांगतात, “मधला बिंदू म्हणजे तुम्ही.” चौथ्या वर्तुळापर्यंत कंपासच्या टोकाने त्या बिंदूचं चांगलं ऐसपैस भोक होतं. मग पाचवं वर्तुळ निघालं तिथे परत येतच नाही, शेजारून निघून जातं. आत्मशोध एवढ्यावर थांबवायला माझी हरकत नव्हती.

तिबेटी भिक्खू रंगीत वाळूचं मंडल दिवसचे दिवस खपून घालतात आणि पुरं झालं की झाडून वाहत्या पाण्यात सोडतात. आमच्याकडे लॅमिनेट करतात.

मनाशी मंडलाची सांगड घातली मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी. १९१८-१९च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये नजरबंद ब्रिटिश सैनिकांच्या छावणीचे प्रमुख असताना ते रोज सकाळी वहीत एक छोटं मंडल काढत. एकदा एका बाईंचं डोकं उठवणारं पत्र आलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या मंडलाचा काठच फुटलेला निघाला! यावर माझा पूर्ण विश्वास आहे. सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगचा विषय निघाला की बी विंगमधली यच्चयावत मंडलं काठाला फुटतात.

पण मला खरा दिलासा दिला तो २००५ सालच्या एका अमेरिकी प्रयोगाने. करी आणि कॅसर या संशोधकांनी ८४ विद्यार्थ्यांना आधी चिंतेत पाडलं, मग रंगवायला बसवलं. कुणाला मंडल, कुणाला चौकड्यांची नक्षी, कुणाला नुसता कोरा कागद. कोऱ्या कागदापेक्षा मंडलाने चिंता जास्त उतरली खरी, पण चौकड्यांनीही जवळपास तेवढीच उतरली. म्हणजे सासऱ्यांच्या लुंगीवर भागलं असतं! कोरा कागद का हरला, ते कुठल्याही गृहिणीला विचारा. सकाळी ‘आज भाजी काय?’पासून जिचं ठरवणं सुरू होतं, तिला पुढची रेघ कुठे जायची हे आयतं ठरलेलं मिळणं हीच चैन.

हे सगळं मी बाईंना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग चौकड्यांची बॅच काढली तर याल का? फी तीच.”