धुळीचे जाणकार

काही पाहुणे घरात आले की पंख्याखालची खुर्ची बघतात, काही चार्जर मागतात. धुळीचे जाणकार बोट फिरवतात. टीव्हीच्या कडेवरून, फ्रिजच्या डोक्यावरून, काहीच हाताला लागलं नाही तर दाराच्या चौकटीवरून. मग ते बोट उजेडात धरून बघतात. बोलत काहीच नाहीत. बोलले असते तर परवडलं असतं. यजमानीण ‘अहो, कालच पुसलं होतं’ म्हणते, ते ‘असू दे, असू दे’ म्हणतात आणि बोट रुमालाला पुसतात. रुमाल पांढराशुभ्र असतो. तो मुद्दाम तसा आणलेला असतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

असे एक काका आमच्या सोसायटीत आहेत. पुण्यात राहून या विषयाचा अभ्यास करायला कुठे जावं लागत नाही. समोर रस्ता खणलेला, शेजारी जुनी इमारत पाडून नवी उभी राहतेय. रोज सकाळी गॅलरीत ताजा माल हजर. आपण त्याला सरसकट धूळ म्हणून मोकळे होतो. काकांना ते चालत नाही.

‘बसली ती धूळ, उडाला तो धुरळा,’ हा त्यांचा पहिला धडा. एसटी गेली की मागे उठतो तो धुरळा. तोच थोड्या वेळाने पारावरच्या म्हाताऱ्यांच्या टोप्यांवर उतरला की धूळ. वैशाखात गाडीवाटेने चालताना पाय रुततो आणि चटकाही बसतो, तो फुफाटा. फुफाटा दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये असूच शकत नाही. म्हणून ‘घरात नुसता फुफाटा झालाय’ म्हणणाऱ्या शेजारणीला त्यांनी जिन्यातच थांबवून घेतलं होतं, आणि तिच्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या. केरसुणीपुढे गोळा होतो तो केर. कोपऱ्यात लोंबतं ते जळमट. खलातून निघते ती पूड. तिला धूळ म्हणणं म्हणजे कुटणाऱ्याच्या मनगटाचा अपमान. आणि पंढरपूरहून येतो तो बुक्का. नातवाने त्या काळ्या पुडीला एकदा ‘डस्ट’ म्हटलं, त्या दिवशी काका संध्याकाळचा चहा प्यायले नाहीत.

इंग्रजीवर त्यांचा तसा जुनाच राग. सून एकदा सहज म्हणाली, ‘बाबा, हॉलचं डस्टिंग झालं.’

‘झालं म्हणजे? काढलीस की टाकलीस?’

मग व्याख्यान. कपाटावरची धूळ काढली तरी डस्टिंग, केकवर पिठीसाखर भुरभुरवली तरी डस्टिंग. एकाच शब्दाने साहेब घेतोही आणि देतोही! आमच्या द्राक्षबागायतदाराला विचार. वेलीवर भुरी दिसली की तो गंधकाची धुरळणी करतो आणि घरी येऊन अंगरखा झटकतो. दोन कामं, दोन शब्द, कुठे घोटाळा नाही. सुनेने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, ‘बाबा, मी टाकली.’

सोसायटीच्या वार्षिक सभेत पाणी, पार्किंग आणि लिफ्ट हे विषय बाजूला पडून एकदा ‘डस्टबिन’वर पाऊण तास गेला, तोही काकांमुळेच. त्यांचं म्हणणं, या डब्यांना डस्टबिन म्हणायचा आपल्याला अधिकारच नाही. तो शब्द लंडनच्या कोळशाच्या चुलींचा. घरोघरी शेगडीत कोळसा जळायचा आणि त्याच्या राखेलाच तिथे डस्ट म्हणायचे. ती न्यायला यायचा तो डस्टमन. ती राख वीटवाले विकत घ्यायचे, तिचे ढीग म्हणजे संपत्ती. डिकन्सच्या ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’मध्ये (१८६४-६५) तर वारसाहक्काचं सगळं रामायण त्या ढिगांभोवतीच फिरतं. ‘आपल्या डब्यात राख आहे का? सांगा, आहे का?’ काका विचारत होते. माहिती अगदी बरोबर होती, हे मी नंतर पडताळून पाहिलं. पण सेक्रेटरींनी इतिवृत्तात ‘ओल्या व सुक्या कचऱ्याच्या डब्यांबाबत चर्चा झाली’ एवढंच लिहिलं. माणूस सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला. काय लिहू नये ते त्याला कळतं.

२०२२च्या जानेवारीत पाकिस्तानच्या बाजूने उठलेले धुळीचे लोट अरबी समुद्रावरून मुंबईवर येऊन थडकले. लोक खोकत होते, गाड्या पांढुरक्या झाल्या होत्या. काकांनी दादरच्या जावयाला फोन केला. आम्हाला वाटलं, तब्येतीची चौकशी असेल. ‘मी येईपर्यंत गाडीचं बॉनेट पुसू नका,’ एवढंच सांगायचं होतं.

अलीकडे त्यांच्या बोलण्यात विज्ञान फार येतं. दिसते तिला भिऊ नका, न दिसणारीला भ्या, असं ते म्हणतात. २.५ मायक्रॉनचा कण म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचवीस-तिसाव्या हिश्शाइतका. तो नाकातल्या केसांना दाद देत नाही, थेट फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो. हे खरं आहे आणि गंभीरही आहे. पण काकांना वेळकाळ कळत नाही. भाचीच्या लग्नानंतरच्या पहिल्या जेवणाला नवरा-नवरी पंगतीत बसलेली असताना त्यांनी गाद्यांमधल्या सूक्ष्म किड्यांचा विषय काढला. आपल्या अंगाची मेलेली कातडी झडते, त्यावर ते जगतात, आणि त्यांच्या विष्ठेमुळेच कित्येकांना शिंका आणि दमा होतो. ‘तेव्हा गादीवर आपण दोघंच आहोत असं कधी समजू नका,’ असा त्यांनी जोडप्याला आशीर्वाद दिला. श्रीखंडाची वाटी नवरीने तशीच सरकवली.

आता मुख्य गोष्ट. एवढं ज्ञान असलेल्या या माणसाच्या हातात आजवर कुणी फडकं पाहिलेलं नाही. काकांचं शास्त्र खुर्चीतून चालतं. ‘वरून खाली या. आधी पंखा, मग कपाट, फरशी शेवटी. फडकं ओलं हवं, कोरड्याने नुसती जागा बदलते.’ सूचना एकूण एक बरोबर असतात, हाच त्यातला खरा त्रास. काकू ऐकतात आणि स्टुलावर चढतात. एकदा वरूनच त्या म्हणाल्या, ‘अहो, स्टूल तरी धरा.’ काकांनी धरलं, पण एका हाताने. दुसऱ्या हाताचं बोट कपाटाच्या कडेवरून फिरत होतं. कामाला येणाऱ्या मावशींनी त्यांच्या शब्दसंपत्तीतला एकही शब्द उचललेला नाही. त्या सगळ्याला ‘घाण’ म्हणतात आणि अर्ध्या तासात तीन खोल्या चकचकीत करून पुढच्या घरी जातात.

गरगर फिरणाऱ्या पंख्याच्या पात्याला धूळ चिकटते कशी, हा काकांचा आवडता प्रश्न. उत्तरही तेच देतात: पात्याला खेटलेला हवेचा पातळ थर पात्याबरोबरच फिरतो, म्हणून तिथे एकदा बसलेला कण वाऱ्याने उडत नाही, आणि पात्याची पुढची धार हवा कापत जाते, म्हणून तिथे सगळ्यात जाड थर. एवढं सांगून झालं की ते मान वर करून तुमच्या पंख्याकडे बघतात.

तेव्हा असे कुणी तुमच्याकडे यायचे असतील, तर जिन्यात पावलं वाजताच पंखा पाचवर करा. फिरत्या पात्यावरची धूळ त्यांनाही दिसत नाही.