ऐनवेळे

ऐनवेळे हे आडनाव वसमतच्या मतदारयादीत शोधूनही सापडणार नाही. पण मृगाचा पाऊस पडून सोयाबीन गुडघ्याला लागलं, की शहरातल्या कुठल्याही पंप-मशीन दुरुस्तीच्या दुकानासमोर उभे राहा. ऐनवेळे मोटारसायकलवरून उतरताना दिसतीलच. मागे बसलेल्या पोराच्या मांडीवर पेट्रोलचा फवारणी पंप, पायजमा पोटरीपर्यंत चिखलाने माखलेला आणि गाडी स्टँडवर लागायच्या आत सुटलेलं वाक्य, "मिस्तरी, आताच्या आता लागलालंय बघा. रोजदार बांधावर बसून हायेत."

मिस्तरी मान वर करत नाहीत. त्यांच्या पुढ्यात तसेच पंप ओळीने मांडलेले असतात. तेही सगळे ऐनवेळ्यांचेच. ही भावकी मोठी आहे, तालुक्यातल्या एकूण एक गावात पसरलेली आहे आणि तिच्यात पिढ्यान् पिढ्या जातपात, पक्ष, बागायत-कोरडवाहू असा कसलाही भेद पाळला जात नाही.

"काय झालंय?"

"झालं काहीच नाही. निस्तं चालू होईना."

"कधीपासून बंद हाय?"

"काल तर चालू होता की!"

ऐनवेळ्यांचा 'काल' म्हणजे गेल्या वर्षीचा सप्टेंबर. शेवटची फवारणी झाली त्या संध्याकाळी पंप कोठ्यातल्या खुंटीला गेला, तो आज उतरला. मधल्या काळात रब्बी आली-गेली, हळद निघाली, शिजली, मोंढ्यात विकली, घरात एक लग्न उरकलं. पंपाच्या टाकीत मात्र तेव्हाचं पाव लिटर पेट्रोल तसंच होतं. "फुकट कशाला सांडायचं?" हा त्यामागचा काटकसरीचा विचार. मिस्तरी झाकण काढतात तेव्हा पेट्रोलचा नव्हे, शिळ्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो. पेट्रोल उडून गेल्यावर मागे चिकट राळ उरते आणि ती बसते नेमकी कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे सुईही जेमतेम जाईल अशा भोकात. त्यात आता पेट्रोलपंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पावसाळी हवेत ते साठवून ठेवणं आणखी वाईट. हे सांगितलं की ऐनवेळे दुखावतात. इथेनॉल उसापासून होतं, ऊस आपल्या शेतात आहे, तेव्हा आपलाच ऊस आपल्याच पंपाला कसा बाधेल?

सायलेन्सरमध्ये वेगळाच प्रकार. तिथे कुंभारीण माशीने मातीचं पक्कं घर बांधलेलं. मिस्तरी ते तारेने उकरून काढतात. "भाडं घ्यायचं होतं की तिच्याकडून," एवढं बोलून पुन्हा कामाला लागतात.

दुकानात येण्यापूर्वी ऐनवेळ्यांनी घरगुती उपचार केलेले असतात, हे सांगायला हवं. त्यांच्या शास्त्रात यंत्राला एकच अवयव असतो. त्याचं नाव प्लग. पंप बंद पडला, प्लग. धूर आला, प्लग. नोझलमधून धार बारीक आली, तरी आधी प्लगच काढून बघतात. तो काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची, बसवायचा आणि दोरी ओढायची. ऐनवेळे ओढतात, मग थोरला पोरगा ओढतो, मग रस्त्याने जाणारा एखादा तगडा पाहुणा "सरका बरं" म्हणून ओढतो. शेवटी दोरीच तुटते. मग ऐनवेळे निदान जाहीर करतात, "कंपनीनं दोरी हलकी दिली."

पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल किती घालायचं, हे कंपनीने दिलेल्या पुस्तिकेत छापलेलं असतं. बहुतेक पंपांना लिटरमागे 20 ते 40 मिलिलिटरच्या दरम्यान लागतं. ऐनवेळ्यांनी ती पुस्तिका मूळ प्लास्टिकच्या पिशवीत, सातबाऱ्याच्या आणि सोसायटीच्या कागदांसोबत पेटीत ठेवली आहे. इतकी जपून, की ती आजवर कुणी उघडलेली नाही. त्यांचं स्वतःचं माप 'एक धार' हे आहे. ऑइलचा भाव वाढला की धार बारीक होते आणि पिस्टन जाम होतो. मन उदार असलं की धार मोठी होते आणि पंप वीटभट्टीसारखा धुरतो. वीटभट्टीतून निदान विटा तरी निघतात.

मागच्या वर्षी ऐनवेळ्यांनी बॅटरीचा पंपही घेतला. त्याला पेट्रोल नाही, दोरी नाही, प्लग नाही. म्हणजे बिघडायला काही ठेवलंच नाही, असं त्यांना वाटलं. हंगाम संपल्यावर रिकाम्या बॅटरीनिशी तो ज्वारीच्या पोत्यामागे गेला. ही शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत सहा-आठ महिने ठेवली की आतल्या पट्ट्यांवर थर चढतो आणि मग ती चार्ज घेत नाही. महिन्यातून एकदा चार्जिंगला लावली असती तर वाचली असती. ऐनवेळ्यांचं म्हणणं, "वापरलीच नाही तर खराब होईल कशी?" या युक्तिवादाला मिस्तरींकडे उत्तर नाही, नवी बॅटरी आहे.

तणनाशकाची गोष्ट मात्र महागात गेली. ऐनवेळ्यांनी ज्वारीतल्या तणावर टू-फोर-डी मारलं, पंपात पाण्याचा एक तांब्या खळखळवला आणि तोच पंप कपाशीवर नेला. कपाशी या औषधाला फार हळवी. टाकीत, नळीत, वॉशरमध्ये उरलेला अंशही तिला पुरतो. आठवड्याभरात पानं भेंडीच्या पानासारखी चिंचोळी झाली. ऐनवेळ्यांनी बियाण्याला दोष दिला, मग हवामानाला, शेवटी शेजाऱ्याच्या नजरेला. तणनाशकाला पंप वेगळा ठेवावा, निदान साबणाच्या पाण्याने तीनदा धुवावा, हे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे लोक मेळाव्यात सांगत होते तेव्हा ऐनवेळे मंडपातच होते. पण जेवणाच्या रांगेत.

पंपाचा हंगाम संपतो न संपतो तोच दसऱ्याच्या तोंडावर मळणी यंत्राचा सुरू होतो. ऐनवेळ्यांच्या घरचं यंत्र हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला त्या साली, म्हणजे 1999 ला घेतलेलं. त्यानंतर किती सरकारं बदलली. बेल्ट एकदाच बदलला. बेल्ट वर्षभर ताणलेलाच ठेवतात, त्यामुळे तो पुलीवर बसल्या बसल्या वाकडा होतो. बेअरिंगमधलं ग्रीस सुकून खडू झालेलं. चाळणीखाली उंदरांचा संसार. वर ढग, खाली सोयाबीनच्या सुड्या आणि मधे ऐनवेळे फोनवर, "मिस्तरी, तुमी निस्तं येऊन हात लावा. तुमच्या हातानं चालू होतंय."

खंडेनवमीला याच यंत्राची पूजा होते. धुतात, झेंडूची माळ घालतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. ऐनवेळ्यांच्या लेखी ही वार्षिक सर्व्हिसिंग.

आणि मग हळद. वसमतची हळद भौगोलिक मानांकन मिळालेली. फेब्रुवारीपासून तालुक्यात ती काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची धांदल. पूर्वी कढईत शिजवत, आता वाफेचे बॉयलर आले. हे बॉयलर वैशाखात बंद होतात ते माघापर्यंत पत्र्याखाली गंज खात पडतात. खाऱ्या पाण्याचा पांढरा थर आत, गेजचा काटा एका जागी चिकटलेला. एकदा ऐनवेळ्यांच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ सुटायला लागली, तेव्हा त्यांनी तो तारेने आवळून बांधला, "वाफ वाया चाललती." त्या दिवशी मिस्तरींनी आधी जाळ ओढायला लावला, मग तार सोडली, मग ऐनवेळ्यांना चार माणसांत जे सुनावलं ते छापण्यासारखं नाही. ऐनवेळेही एका शब्दाने उलटले नाहीत. बॉयलर फुटला तर माणूस उरत नाही, एवढं त्यांनाही कळतं.

याच माणसाचे वडील असे नव्हते. पोळ्याच्या आदल्या दिवशी घरात खांदमळणी होई. वर्षभर जू ओढून कडक झालेले बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकायचे, हळद-लोणी चोळायचं, कुठे जखम आहे का ते बोटांनी चाचपायचं. पेरण्या होऊन बैल मोकळे झाले की हा दिवस येई. त्या दिवशी बैलाला कामाला लावणं पाप. काम नसताना कामाच्या सोबत्याकडे बघायचं, हा त्यातला व्यवहार. बैल गेले, ट्रॅक्टर-पंप आले, पण पंचांगात पंपाची अमावास्या कुणी घातली नाही. बैल दुखलं तर पाय झाडतो, चारा सोडतो. पंप नऊ महिने खुंटीवर गप्प राहतो आणि नेमका अळी पडली त्या दिवशी बोलतो.

ऐनवेळ्यांचा भाचा अमेरिकेत, न्यू जर्सीला आहे. घरापुढचं गवत कापायला त्याच्याकडे मशीन आहे. थंडी पडायच्या आत तो मशीनचं पेट्रोल काढतो, ऑइल बदलतो, पातं काढून धार लावतो आणि झाकून ठेवतो, कारण पुढचे तीन-चार महिने थंडीचे. हे त्याने व्हिडिओ कॉलवर दाखवलं, मामांनी शिकावं म्हणून. मामांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि त्यांना पडलेला खरा प्रश्न विचारला, "अरे, दर आठवड्याला एवढं गवत कापतूस, अन् दावणीला एक ढोर नाही?" त्यानंतर सगळ्या गावात हीच बातमी फिरली. पेट्रोल काढून ठेवण्याचा मुद्दा वसमतपर्यंत पोचलाच नाही.

ऐनवेळ्यांना आळशी म्हणणं मात्र अन्याय होईल. माणूस पहाटे चारला रात्रपाळीच्या लाइटवर मोटर चालू करायला जातो. त्याची अडचण वेगळी आहे. यंत्र रिकामं असतं तेव्हा खिसाही रिकामा असतो. मे महिन्यात हळदीचे पैसे बेण्यात, खतात आणि लग्नाच्या आहेरात गेलेले. त्या वेळी न बिघडलेल्या पंपावर तीनशे रुपये घालणं घरात पटवून देता येत नाही. बिघडल्यावर दोन हजार घालायला मात्र कुणी हरकत घेत नाही, कारण तेव्हा इलाज नसतो. शिवाय त्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. पंप भावकीत फिरतो आणि परत येतो तेव्हा कधी नोझल नसतं, कधी जाळी. ऐनवेळे कुणाला विचारत नाहीत. पुढच्या हंगामात तेही कुणाकडून काहीतरी मागणारच असतात.

पण हिशेब हिशेबाच्या जागी. रांगेत गेलेले दोन दिवस, बांधावर बसलेल्या रोजदारांची मजुरी आणि तेवढ्यात अळीने खाल्लेली पानं एकत्र मांडली, तर ऐनवेळ्यांचा पंप हा तालुक्यातला सर्वात महाग पंप ठरतो.

तेव्हा वाचकहो, सध्या कुठलाही महिना चालू असो, तुमच्या कोठ्यात जे यंत्र आज अगदी बिनकामाचं पडलंय, तेच आज खाली उतरवा. टाकी रिकामी करा, जाळी धुवा, ग्रीस भरा, बेल्ट ढिला सोडा, बॅटरी चार्जिंगला लावा, आणि जमत नसेल तर थेट मिस्तरींकडे न्या. ऐनवेळे तिथे नसतील. नंबर लगेच लागेल, आणि मिस्तरी चहाही पाजतील.